कॅम्पर मागे जोडला की डिझेल नेमके जाते कुठे?

गळीत हंगाम सुरू झाला की कराड-वाळवा पट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाने काठोकाठ भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे घेऊन निघालेले ट्रॅक्टर सकाळ-संध्याकाळ दिसतात. त्यामुळे ‘ओढणे’ हा शब्द उच्चारला की सातारा-सांगलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा वजन उभे राहते. पिकअप गाडीच्या मागे झोपण्या-राहण्याची सोय असलेला कॅम्पर जोडून सहलीला जाण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘त्याचं वजन किती? मग गाडी ॲव्हरेज काय देणार?’ प्रश्न रास्त आहे. मात्र कॅम्परच्या बाबतीत तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न उंची आणि वेग यांचा असायला हवा. असे का, हे थोड्या आकडेमोडीने उलगडून पाहण्यासारखे आहे, आणि ही आकडेमोड दहावीच्या विज्ञानापलीकडे जात नाही.

आधी गाडी कोणती ते ठरवू. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स अशा पाच माणसे बसणाऱ्या आणि मागे हौदा असलेल्या मध्यम आकाराच्या डिझेल पिकअप येथे अभिप्रेत आहेत. कॅम्पर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेला, हुकाला जोडून ओढायचा, आत पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेला ट्रेलर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या विषयाची चर्चा वाढली असली, तरी ओढून न्यायचा कॅम्पर आपल्याकडे अजून कमीच दिसतो, आणि म्हणूनच त्याच्या डिझेलखर्चाबद्दलचे बहुतेक अंदाज ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अनुभवावरून बांधलेले असतात.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी मागे खेचतात. एक म्हणजे टायरांचा विरोध: टायर रस्त्यावर टेकतो तेथे चपटा होतो, पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो, आणि या दाबण्या-सुटण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो, वेगाने मात्र फारसा बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हवा. हवेचा विरोध वजनाकडे ढुंकूनही पाहत नाही. गाडी समोरून किती उंच-रुंद आहे, तिचा आकार किती बोजड आहे आणि ती किती वेगाने जाते, एवढेच तो पाहतो. वेग दुप्पट झाला तर हा विरोध चौपट होतो. चढ आला की तिसरा हिस्सेदार येतो, तो वजनाचा. त्याच्याकडे नंतर येऊ.

आता डिझेलचा हिशेब. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिचा मोठा भाग सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जातो. इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल यांतून निभावून चाकांपर्यंत साधारण २८ टक्के ऊर्जा पोहोचते असे धरले, तर एका लिटरमागे १० मेगाज्यूल हाती लागतात. हा आकडा गोल आहे आणि त्याचा एक फायदा आहे: गाडीला मागे खेचणारा एकूण विरोध न्यूटनमध्ये काढला आणि त्याला १०० ने भागले, की १०० किलोमीटरला किती लिटर डिझेल लागेल ते थेट मिळते. साधारण १०० ग्रॅमचे वजन तळहातावर जेवढे दाबते तेवढा एक न्यूटन.

माणसे आणि सामान धरून २,२०० किलोची पिकअप एकटीच ताशी ८० किलोमीटरने चालली आहे असे समजू. अशा गाडीसाठी टायरांचा विरोध २६० न्यूटनच्या आसपास आणि हवेचा ३४० न्यूटनच्या आसपास निघतो. बेरीज ६००, म्हणजे १०० किलोमीटरला ६ लिटर, म्हणजेच लिटरला साडेसोळा किलोमीटर. शहरातली गर्दी, एसी आणि घाट यांनी प्रत्यक्षातले ॲव्हरेज यापेक्षा खाली येते, हे प्रत्येक गाडीमालक जाणतो. हा आकडा मोकळ्या सपाट रस्त्यावरच्या स्थिर वेगाचा आहे.

तिच्यामागे १,२०० किलोचा, माणूस उभा राहू शकेल एवढ्या उंचीचा कॅम्पर जोडू. एकूण वजन ३,४०० किलो झाल्याने टायरांचा विरोध २६० वरून ४०० वर जातो. पिकअपच्या टपावरून वर आलेली कॅम्परची सपाट छाती आणि मागचे चौकोनी टोक यांमुळे हवेचा विरोध मात्र ३४० वरून ७०० वर जातो, म्हणजे दुपटीपेक्षा थोडा जास्त होतो. बेरीज १,१०० न्यूटन. १०० किलोमीटरला ११ लिटर, लिटरला ९ किलोमीटर. वाढलेल्या ५०० न्यूटनांपैकी १४० वजनाचे आहेत आणि ३६० हवेचे. या लेखाचे सार या दोन आकड्यांत आहे, बाकी सगळा तपशील आहे. पण पैसे तपशिलातच वाचतात, म्हणून तोही पाहू.

वरचाच संच ताशी ६० ने नेला तर हवेचा विरोध ४०० न्यूटनपर्यंत उतरतो, एकूण ८०० होतो आणि १०० किलोमीटरला ८ लिटर लागतात. ताशी १०० ने नेला तर हवेचे १,१०० आणि टायरांचे ४०० मिळून १,५०० होतात, म्हणजे १५ लिटर, लिटरला पावणेसात किलोमीटरही धड नाहीत. साताऱ्याहून कोल्हापूर सुमारे १२० किलोमीटर आहे. महामार्ग मोकळा मिळाला असे धरले, तर ८० च्या वेगाने दीड तास लागतो आणि १०० च्या वेगाने एक तास बारा मिनिटे. या अठरा मिनिटांसाठी पावणेपाच ते पाच लिटर डिझेल जास्त जळते. लिटरला नव्वद रुपये धरले तरी चारशे रुपयांच्या वर जातात, आणि ट्रेलर मागे असताना ताशी १०० ने जाणे सुरक्षिततेच्या दृष्टीने मुळीच शहाणपणाचे नाही, ही गोष्ट वेगळीच. पिकअप एकटी असताना ८० आणि १०० मधला फरक खिशाला एवढा जाणवत नाही, म्हणून जुनी सवय तशीच राहते आणि पहिल्या सहलीनंतर माणूस कॅम्परच्या वजनाला दोष देत बसतो.

उसाच्या ट्रॅक्टरचा अनुभव येथे का लागू पडत नाही, हेही यातून कळते. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २५ टन धरले आणि वेग ताशी २० धरला, तर टायरांचा विरोध ३,७०० न्यूटनच्या घरात जातो आणि हवेचा जेमतेम १०० च्या आसपास राहतो. ट्रॅक्टरवाल्याने वाऱ्याचा विचार करण्याचे काही कारणच नाही. त्याचे डिझेल वजन, चढ आणि शेताच्या बांधावरचा चिखल खातो. ८० च्या वेगाने जाणाऱ्या कॅम्परच्या बाबतीत जवळजवळ दोन तृतीयांश विरोध हवेचा असतो. दोन्हीकडे मागे चाकांवरचा डबाच आहे, तरी दोघांचे शत्रू निराळे आहेत.

मग कॅम्पर निवडताना काय पाहावे? माझ्या मते आधी टेप घेऊन उंची आणि रुंदी मोजावी, वजनाचे पत्रक नंतर वाचावे. छत खाली दाबून ठेवता येते आणि मुक्कामी पोहोचल्यावर वर उचलता येते असे कॅम्पर असतात. प्रवासात तो पिकअपच्या टपापेक्षा फारसा वर येत नाही, त्यामुळे ८० च्या वेगाला हवेचा विरोध ७०० ऐवजी साडेचारशेच्या आसपास राहू शकतो. वजन तेवढेच ठेवले तरी लिटरला ९ चे साडेअकरा-बारा किलोमीटर होतात. उंच कॅम्पर घेतलाच, तर त्याचे पुढचे तोंड उतरते किंवा गोलसर असलेले बरे. पिकअपची पाठ आणि कॅम्परचे तोंड यांत जितके अंतर जास्त, तितकी त्या पोकळीत हवा घुसून घुसळत राहते; पण वळण घेताना कोपरा हौद्याला घासू नये एवढे अंतर ठेवावेच लागते, म्हणून येथे फार हात मारता येत नाही. टपावर बांधलेल्या खुर्च्या, सायकली आणि फडफडणारी ताडपत्री मात्र आपल्याच हातात आहेत. ताडपत्रीचा आवाज ऐकू येतो आहे याचा अर्थ तिच्यावर डिझेल खर्च होते आहे, असे खुशाल समजावे.

हवा म्हणजे फक्त गाडीच्या वेगाची हवा नव्हे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे, ती तेथे काही उगीच उभी नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा या भागात किती जोरकस असतो ते ठोसेघरला छत्री उघडून पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून येत असेल, तर काट्यावर ८० दिसत असताना कॅम्परला १०० च्या वेगाची हवा लागते आणि डिझेलही त्याच हिशेबाने जाते. जुलैमध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गावरून नागजकडून मिरजेकडे येणाऱ्याला हा वारा तोंडावर मिळतो; परत जाताना तोच पाठीशी असतो आणि गाडी एकाएकी हलकी झाल्यासारखी वाटते. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा ते कराड या पट्ट्यात तो बऱ्याच अंशी बाजूने लागतो. तेथे डिझेलपेक्षा कॅम्पर झोके घेण्याची काळजी जास्त असते. समोरचा वारा असेल त्या दिवशी वेग दहाने उतरवणे हा एकच उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

आता घाटाकडे येऊ, कारण साताऱ्यातून कॅम्पर निघाला की तो पाचगणी-महाबळेश्वरकडे वळण्याचीच शक्यता जास्त. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना सुमारे १२ किलोमीटरमध्ये जवळजवळ ६०० मीटर उंची चढावी लागते. ३,४०० किलोचा संच तेवढा वर उचलायला २० मेगाज्यूल लागतात, म्हणजे दोन लिटर डिझेल. ताशी ४० च्या वेगाने टायर आणि हवा मिळून आणखी पाऊण लिटरच्या आत-बाहेर घेतात. बारा किलोमीटरला पावणेतीन लिटर, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरदेखील नाही. डॅशबोर्डवरचा आकडा पाहून पोटात गोळा येतो. पिकअप एकटी असती तर याच चढाला साधारण पावणेदोन लिटर लागले असते. म्हणजे कॅम्परचा खरा जादा खर्च एका लिटरचा.

परंतु हाच घाट उतरायचाही असतो. गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना आजच्या डिझेल इंजिनाचा संगणक इंजेक्टरचे इंधन पूर्ण बंद करतो; चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवते. पसरणीचा सरासरी उतार पाच टक्क्यांचा, आणि तेवढ्या उतारावर या वजनाच्या संचाला खाली यायला डिझेल लागत नाही, उलट आवरावेच लागते. जाऊन-येऊन २४ किलोमीटर आणि पावणेतीन लिटर, म्हणजे लिटरला जवळजवळ ९ किलोमीटर. सपाट महामार्गावर ८० ने जाताना जे ॲव्हरेज निघाले होते, तेवढेच. घाटात वेग कमी असल्यामुळे हवेचा खर्च वाचतो आणि चढाचा खर्च त्यातून बराचसा भरून निघतो. ज्या पसरणी घाटाची धास्ती घेतली जाते, तो जाता-येता धरला तर सपाट रस्त्यावरच्या ताशी १०० पेक्षा स्वस्त पडतो. हिशेब मांडेपर्यंत मलाही हे पटले नव्हते.

येथे एका जुन्या खोडीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे, आणि ती शिकवणारे काका प्रत्येक गावात असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत थोडे डिझेल द्यावेच लागते, तासाला अर्धा-पाऊण लिटरच्या आसपास. गिअरमध्ये उतरताना ते शून्य असते. म्हणजे न्यूट्रल करून वाचत काहीच नाही, उलट पावशेर डिझेल जाते, आणि सव्वातीन-साडेतीन टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येऊन ते तापतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरावे, हा ट्रकवाल्यांचा नियम कॅम्परलाही जसाच्या तसा लागू आहे.

वजनाला मी दुय्यम म्हटले ते कितपत खरे, हे पाण्याच्या टाकीवरून तपासता येईल. कॅम्परमधली १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढतात. त्याने सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला विरोध सुमारे १२ न्यूटनांनी, म्हणजे जेमतेम एका टक्क्याने वाढतो. पसरणीच्या चढाला साठ मिलिलिटर जास्त लागते. वेग ८० वरून ७० वर आणला तर खर्च १५ टक्क्यांनी उतरतो. तरीसुद्धा पाणी मुक्कामी पोहोचल्यावर भरावे असेच मी सांगेन, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळते आणि मागच्या टोकाला टाकी असेल तर कॅम्परचा तोल बिघडतो. कॅम्परच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर यावा, म्हणजे आपल्या उदाहरणात शंभर-सव्वाशे किलो. जड सामान कॅम्परच्या एक्सलच्या आसपास आणि थोडे पुढे ठेवले की हे साधते. पिकअप आणि हूक यांना मान्य असलेली ओढण्याची मर्यादा गाडीच्या पुस्तकात पाहूनच कॅम्पर घ्यावा, आणि ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, हे विसरू नये.

टायर आणि चाके हा भाग लहान दिसतो, पण चोरी तेथेच होते. कॅम्पर वर्षातले दहा महिने उभा असतो आणि उभ्या उभ्या त्याची हवा उतरते. पिकअपच्या टायरांत हवा भरून घेणारा माणूस कॅम्परच्या दोन टायरांकडे पाहतच नाही. एकदा साताऱ्याहून निघाल्यावर अतीतच्या अलीकडे चहाला थांबलो असताना मी सहज म्हणून कॅम्परच्या दोन्ही चाकांच्या मधोमध, हबवर, हाताची पाठ टेकवून पाहिली होती. उजवे कोमट होते. डाव्याला हात टेकवता येईना, आणि जळक्या लायनिंगचा वास नाकात गेला. ब्रेकचे शू, म्हणजे चाकाला आतून घासून थांबवणारे तुकडे, पूर्ण सुटत नव्हते. चाक मोकळे फिरत असल्यासारखेच दिसत होते, गाडीही ओढत होती. फक्त नेहमीपेक्षा एक गिअर खाली लागत होता आणि मी त्याचे खापर वाऱ्यावर फोडले होते. आठवडाभर आधीच त्या ब्रेकचे काम करून घेतले होते, तेव्हा कारागिराने सेटिंग जास्त घट्ट ठेवले असणार. तेव्हापासून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून चारही नव्हे, सहाही चाकांना हात लावून पाहण्याचा मी नियम ठेवला आहे. त्याला दोन मिनिटे लागतात.

ब्रेकचाच आणखी एक मुद्दा आहे. ८० च्या वेगाने जाणारा हा संच पूर्ण थांबवला की त्याची सगळी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होते, आणि पुन्हा ८० वर जायला तेवढ्यापुरते सुमारे ८० मिलिलिटर डिझेल लागते. एक कटिंग चहा. तासवडे आणि आनेवाडीचे टोलनाके टळत नाहीत, पण पुढे ब्रेकचे दिवे लागलेले लांबून दिसत असतील तर तेव्हाच पाय उचलावा. कटिंगातला अर्धा कप तरी ग्लासात राहतो.

गिअरबद्दल थोडक्यात. कमी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) म्हणजे कमी डिझेल, हा समज रिकाम्या गाडीपुरता बराचसा खरा आहे. कॅम्पर मागे असताना चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ओढत ठेवले तर डिझेल वाचत नाही आणि इंजिन तापते. एक गिअर खाली घेऊन ते सहज ओढेल अशा आरपीएमवर ठेवावे. ऑटोमॅटिक गाडी खंबाटकीसारख्या चढावर दोन गिअरांमध्ये सारखी वर-खाली करू लागली, तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर पक्का करावा. सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल उपयोगी आहे, घाटवाटांवर तो बंद ठेवावा, कारण चढ सुरू होताच वेग टिकवण्यासाठी तो ॲक्सिलरेटर दाबतच राहतो, आणि कॅम्परसह चढताना वेग थोडा पडू देणेच स्वस्त असते.

हे सगळे आकडे माझ्या गृहीतकांवर बेतलेले आहेत. प्रत्येकाचा कॅम्पर, टायर आणि पाय वेगळा. स्वतःचा आकडा काढायचा तर डॅशबोर्डवर भिस्त न ठेवता टाकी ते टाकी पद्धत वापरावी. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्य करावा, किमान दोनशे किलोमीटर जाऊन-येऊन त्याच पंपावर तशीच पुन्हा भरावी आणि भरलेल्या लिटरांनी किलोमीटरला भागावे. जाऊन-येऊन अशासाठी की चढ-उतार आणि वारा दोन्ही बाजूंनी मोजले जातील. एकदा ८० च्या आत राहून आणि दुसऱ्यांदा ७० च्या आत राहून सातारा-कोल्हापूर-सातारा केले, की दोन पावत्यांमधला फरक जवळजवळ चार लिटरांचा निघायला हवा. तसा निघाला नाही, तर आधी हबला हात लावून पाहावा.